नोकरी सांभाळून ऑनलाइन कोर्स: सत्राआधीच्या तयारीचा एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण ३४ वर्षांच्या एका विद्यार्थिनीचं आहे. ओळख पटू नये म्हणून नाव, कॉलेज आणि नोकरीचं ठिकाण गाळलं आहे. बाकीचा घटनाक्रम जसा घडला तसाच ठेवला आहे.

त्या रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करत होत्या. ड्युटी पाळ्यांमध्ये, दर आठवड्याला वेळ बदलणारी. घरी सात वर्षांचा मुलगा आणि कामानिमित्त महिन्यातले बरेच दिवस बाहेर असणारे पती. पदवी काही वर्षांपूर्वी अर्धवट सुटली होती. ती पूर्ण केली तर वरिष्ठ पदासाठी अर्ज करता येणार होता. राहिलेल्या विषयांपैकी त्यांना सगळ्यात आधी उरकायचा होता तो प्राथमिक संख्याशास्त्र, ३ क्रेडिटचा, पूर्णपणे ऑनलाइन.

मी विद्यार्थ्यांना अभ्यासाच्या नियोजनात मदत करते. सत्र सुरू व्हायला साधारण तीन आठवडे असताना त्या माझ्याकडे आल्या. त्यांचा पहिला प्रश्न होता, "मॅडम, लॅपटॉप कोणता घेऊ?"

ऑनलाइन कोर्स घेणारे बहुतेक जण याच प्रश्नाने सुरुवात करतात. तो चुकीचा नाही, पण त्याचं उत्तर दहा मिनिटांत मिळतं. घरातला जुना लॅपटॉप पुरेसा होता. कॅमेरा चालत होता, माइक चालत होता, ब्राउझर अद्ययावत करता येत होता. खरी अडचण कुठे आहे ते शोधायला आम्हाला पुढचे काही दिवस लागले.

अडचण

अर्जात त्यांनी आठ आठवड्यांची तुकडी निवडली होती. हाच कोर्स पंधरा आठवड्यांतही उपलब्ध होता. "ऑनलाइनच आहे, तर लवकर संपवून टाकते. आठ आठवडे नेट लावला की झालं," असं त्यांचं म्हणणं होतं.

इथे थोडं गणित करावं लागलं. क्रेडिटमागची जुनी आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी चालणारी धारणा अशी: एका क्रेडिटसाठी आठवड्याला एक तास वर्ग आणि त्याच्या दुप्पट, म्हणजे दोन तास स्वतःचा अभ्यास. म्हणजे ३ क्रेडिटच्या कोर्सला आठवड्याला ९ तास. पंधरा आठवड्यांचे होतात १३५ तास. युरोपातली क्रेडिट पद्धत वेगळी आहे. तिथे एक क्रेडिट २५ ते ३० तासांच्या कामाचं धरतात. पण तिथेही मोजमापात वर्गातल्या तासांबरोबर विद्यार्थ्याने स्वतः घातलेला वेळ धरलेला असतो.

कोर्स आठ आठवड्यांचा केला म्हणून १३५ तास कमी होत नाहीत. धडे तेवढेच, असाइनमेंट तेवढ्याच, परीक्षा तेवढीच. १३५ ला ८ ने भागलं की आठवड्याला जवळजवळ १७ तास येतात. हा आकडा मी कागदावर लिहिला तेव्हा त्या काही वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढे तास तर मला झोप कमी करूनही मिळणार नाहीत."

तरीही तो अंदाजच होता. म्हणून त्यांना एका आठवड्याची वेळेची नोंद ठेवायला सांगितलं. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या चौकटी, आणि प्रत्येक चौकटीत प्रत्यक्ष काय केलं ते, त्याच दिवशी रात्री लिहायचं. आठवडा संपल्यावर आठवून लिहिलं तर माणूस मोकळा वेळ वाढवून सांगतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

नोंद घेऊन आल्या तेव्हा एकूण मोकळा वेळ १४ तासांच्या आसपास निघाला. पण तो सलग नव्हता. सलग पाऊण तास किंवा त्याहून मोठे तुकडे एकत्र केले तर भरत होते साडेनऊ तास. बाकीचा वेळ बसमध्ये, मुलाच्या क्लासबाहेर थांबताना, पाळी सुरू होण्याआधी, असा दहा-वीस मिनिटांच्या कापाकापीत विखुरलेला होता. पुढचे बहुतेक निर्णय या एका कागदावरून झाले.

दुसरी अडचण विषयाची होती. शाळेनंतर गणिताशी संबंध नव्हता आणि "माझं गणित पहिल्यापासून कच्चं आहे" हे वाक्य त्या सहज बोलून गेल्या. ते मी तसंच मान्य केलं नाही. कोर्सला कोणतं गणित लागतं ते रूपरेषेत लिहिलेलं होतं. टक्केवारी, ऋण संख्या, वर्ग आणि वर्गमूळ, साधी समीकरणं, आलेख वाचणं. त्यावर वीस प्रश्नांचा एक कागद केला आणि सोडवायला दिला. टक्केवारीत चूक नव्हती. आलेख नीट वाचले होते. प्रयोगशाळेत रोज काम करणाऱ्या व्यक्तीला ते येणारच. गाडी अडली ती प्रमाणित विचलनाच्या, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरले आहेत ते मोजण्याच्या, एका सोप्या उदाहरणावर.

आकडे होते २, ५ आणि ८. सरासरी ५. सरासरीपासूनचं अंतर −३, ० आणि ३. त्यांचे वर्ग घेऊन बेरीज करायची. त्यांचं उत्तर आलं शून्य. म्हणजे तिन्ही आकडे सारखेच असल्यासारखं. त्यांना स्वतःलाही ते पटत नव्हतं, पण कॅल्क्युलेटर तेच सांगत होता. मी त्यांना बटणं दाबून दाखवायला सांगितली. त्या −३ लिहून लगेच वर्गाचं बटण दाबत होत्या. पुष्कळ वैज्ञानिक कॅल्क्युलेटर आधी ३ चा वर्ग करतात आणि मग उणे चिन्ह लावतात, त्यामुळे −९ येतं. −९, ० आणि ९ यांची बेरीज शून्य. −३ ला कंस घातला की ९ येतं, बेरीज १८ होते, तिला २ ने (आकडे तीन, त्यातून एक वजा) भागलं की ९, आणि त्याचं वर्गमूळ ३. मजा अशी की एक्सेलमध्ये तेच कंसाशिवाय लिहिलं तर ९ येतं, कारण तिथे उणे चिन्ह आधी लागतं. त्यांनी घरी दोन्हीकडे करून पाहिलं होतं, दोन उत्तरं आली होती आणि "मलाच काही येत नाही" असा निष्कर्ष काढून मोकळ्या झाल्या होत्या.

त्या दिवशी त्यांचा चेहरा बदलला हे मला स्पष्ट दिसलं. गणित कच्चं असण्याची इतक्या वर्षांची समजूत एका कंसापाशी येऊन थांबली. सगळंच त्यामुळे सुटलं असं नाही. समीकरणं मांडताना त्या अजूनही अडखळत होत्या. पण आता काय येत नाही याची यादी हातात होती आणि ती छोटी होती.

समोरचे पर्याय

चार वाटा होत्या.

पहिली, ठरल्याप्रमाणे आठ आठवड्यांची तुकडी. फायदा खरा होता: वरिष्ठ पदाच्या अर्जाच्या मुदतीआधी निकाल हातात आला असता. पण साडेनऊ तासांत १७ तासांचं काम बसत नव्हतं आणि एक आठवडा जरी हुकला तरी कोर्सचा आठवा भाग गेला असता.

दुसरी, पंधरा आठवड्यांची लाइव्ह तुकडी. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी ठरावीक वेळी वर्ग. शिकवणाऱ्यांना लगेच प्रश्न विचारता येतो, सोबत इतर विद्यार्थी असतात, वेळ ठरलेली असते म्हणून टाळाटाळ होत नाही. ज्यांना एकट्याने अभ्यासाला बसणं जड जातं त्यांना मी नेहमी हाच पर्याय सुचवते. पण बदलत्या पाळ्यांमुळे त्यांचे किमान एक तृतीयांश वर्ग बुडाले असते आणि हजेरीला गुण होते.

तिसरी, पंधरा आठवड्यांचीच पण रेकॉर्डेड लेक्चरची तुकडी. लेक्चर केव्हाही पाहा, मात्र दर आठवड्याची क्विझ आणि असाइनमेंट ठरलेल्या दिवशी.

चौथी वाट म्हणजे हे सत्र सोडून देणं, तोवर गणित पक्कं करणं आणि पुढच्या सत्रात बसणं. हा पर्याय त्यांना अजिबात आवडला नाही. मी तो तरीही मांडला, कारण थांबण्याचा पर्याय उघडपणे टेबलावर नसेल तर माणूस उरलेल्या पर्यायांकडे नीट पाहत नाही.

निर्णय

तिसरा पर्याय ठरला. आठ आठवड्यांच्या तुकडीतून नाव बदलून घेतलं. या बदलाला मुदत होती आणि ती सत्र सुरू होण्याआधीच संपणार होती, म्हणून वेळेची नोंद पहिल्याच आठवड्यात करून घेतली याचा उपयोग झाला.

यात त्यांनी काय गमावलं तेही सांगायला हवं. पदाचा त्या वर्षीचा अर्ज हुकला. हे त्यांना माहीत होतं आणि ते मान्य करायला त्यांनी दोन दिवस घेतले. मी त्यांना घाई केली नाही. शिवाय लाइव्ह वर्ग सोडल्यामुळे प्रश्न विचारायची सोय गेली. त्याची भरपाई म्हणून शिकवणाऱ्यांची साप्ताहिक भेटीची वेळ, म्हणजे व्हिडिओ कॉलवर विद्यार्थ्यांसाठी राखलेला तास, त्यांनी सुरुवातीलाच कॅलेंडरमध्ये टाकला. विचारायला काही नसलं तरी पहिल्या आठवड्यात एकदा जायचं, असं ठरलं. पहिली भेट अडचणीच्या वेळी होण्याऐवजी आधी झालेली बरी. नंतर मदत मागताना संकोच कमी होतो.

तयारी

तयारीचा सर्वांत उपयोगी भाग कोणता असं विचाराल तर मी रंगीत तालमीचं नाव घेईन. कोर्स सुरू होण्याआधी प्रत्येक गोष्ट एकदा शेवटपर्यंत करून पाहायची. लॉगिन होतंय एवढ्यावर थांबायचं नाही. पोर्टलवर सरावासाठी एक रिकामी असाइनमेंट आणि एक नमुना परीक्षा ठेवलेली होती. बहुतेक विद्यार्थी त्याकडे ढुंकून पाहत नाहीत. आम्ही दोन्ही केल्या आणि तीन गोष्टी सापडल्या.

पहिली फाइलची. असाइनमेंट हाताने सोडवून फोटो अपलोड करायचे होते. त्यांनी आठ पानांचे फोटो काढले, एकेक फोटो ४-५ मेगाबाइटचा, मिळून ३६ च्या वर. पोर्टलची मर्यादा होती २० मेगाबाइट आणि फाइल एकच, पीडीएफ. अपलोडची पट्टी बराच वेळ सरकत राहिली आणि शेवटी लाल अक्षरात नकार आला. मोबाइलवरच्या स्कॅन करणाऱ्या ॲपमध्ये तीच पानं काळ्या-पांढऱ्यात घेतली तेव्हा सगळी मिळून ३ मेगाबाइटच्या आत बसली. हे खऱ्या डेडलाइनच्या रात्री पावणेबाराला कळलं असतं तर काय झालं असतं ते वेगळं सांगायला नको.

दुसरी घड्याळाची. पोर्टलवर त्यांच्या प्रोफाइलमध्ये टाइम झोन मुळात होता तसाच राहिला होता, यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. त्यामुळे डेडलाइनची दिसणारी वेळ आणि खरी वेळ यांत काही तासांचा फरक पडत होता. सेटिंग बदलायला एक मिनिट लागलं. कॉलेज एका टाइम झोनमध्ये आणि विद्यार्थी दुसऱ्या, अशी परिस्थिती असेल तर ही गोष्ट सर्वांत आधी तपासावी.

तिसरी गंभीर निघाली. अंतिम परीक्षा प्रॉक्टर्ड होती, म्हणजे कॅमेऱ्यासमोर, ओळखपत्र दाखवून, परीक्षेच्या खास ब्राउझरमध्ये. नमुना परीक्षेत ओळखपत्र दाखवलं तेव्हा नाव जुळलं नाही. कॉलेजच्या नोंदीत लग्नाआधीचं नाव होतं आणि ओळखपत्रावर नंतरचं. नोंद दुरुस्त व्हायला कार्यालयाने दहा दिवस घेतले. याच तालमीत आणखी एक गोष्ट बाहेर आली. त्यांचा बेत परीक्षा कामाच्या ठिकाणच्या कॉम्प्युटरवरून द्यायचा होता, कारण तिथे इंटरनेट चांगलं होतं. पण तो ब्राउझर इन्स्टॉल करायची परवानगी तिथल्या कॉम्प्युटरवर नव्हती. मोबाइलवर तो चालतच नव्हता. म्हणजे घरचा लॅपटॉप आणि घरचं नेट, एवढंच उरलं.

घरच्या नेटचा वेग मोजताना त्या फक्त डाउनलोड पाहत होत्या. परीक्षेत कॅमेऱ्याचं चित्र सतत बाहेर जात असतं, तेव्हा अपलोडही तितकाच पाहावा लागतो. आणि पाहायचा तो परीक्षेच्या वेळी, कारण दुपारचा आकडा आणि संध्याकाळचा आकडा यांत फार तफावत असते. संध्याकाळी त्यांचा अपलोड बराच खाली येत होता. म्हणून परीक्षेसाठी सकाळची वेळ निवडायची आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला आधीच जोडून ठेवायचा, असं ठरलं. डेटा किती लागेल याचा हिशेब सोपा आहे: सेकंदाला १ मेगाबिट या वेगाने तासभर व्हिडिओ चालला तर ४५० मेगाबाइट खर्च होतात. दोन तासांच्या परीक्षेला त्यांचा मोबाइल डेटा पुरणार होता. लेक्चर मात्र आदल्या रात्री डाउनलोड करून ठेवायची.

आता अभ्यासाच्या पद्धतीकडे. त्यांची सवय होती लेक्चर सलग पाहायचं, नोट्स काढायच्या आणि त्या पुन्हापुन्हा वाचायच्या. यात वेळ खूप जातो आणि विषय समजल्यासारखा वाटतो. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली केलेला प्रयोग मी अशा वेळी आवर्जून सांगते. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचून पुस्तक मिटलं आणि आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं: दोनदा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. परीक्षा पाच मिनिटांनी होत नाही, ती आठवड्यांनी होते.

वेळेच्या नोंदीतले ते दहा-वीस मिनिटांचे विखुरलेले तुकडे इथे कामी आले. नवं लेक्चर बसमध्ये पाहायचं नाही. त्याला सलग पाऊण तास लागतो, तो घरचा. बसमध्ये आणि क्लासबाहेर कोऱ्या कागदावर काल काय शिकलो ते आठवून लिहायचं, किंवा एक उदाहरण उत्तर न पाहता सोडवायचं. यासाठी त्यांनी खिशात मावेल अशी छोटी वही घेतली. साडेनऊ तास सलग आणि चार-साडेचार तास तुकड्यांचे, दोन्हींना आपापलं काम मिळालं.

कोर्सची रूपरेषा हाती आल्यावर तिच्यातून एकच पान तयार केलं: प्रत्येक आठवड्याची क्विझ, असाइनमेंट, परीक्षा, त्यांचे गुण, उशिराचा नियम, कोर्समधून नाव काढून घेण्याची शेवटची तारीख. ते पान लॅपटॉपच्या वर भिंतीवर लागलं.

सत्र सुरू झाल्यावर

पहिले चार-पाच आठवडे ठरल्याप्रमाणे गेले. त्यावर लिहिण्यासारखं फारसं नाही.

सहाव्या आठवड्यात प्रयोगशाळेतल्या एक सहकारी अचानक रजेवर गेल्या आणि त्यांच्या पाळ्या यांच्या वाट्याला आल्या. एक क्विझ बुडाली, एक असाइनमेंट अर्धवट राहिली, दोन आठवड्यांची लेक्चर साचली. सातव्या आठवड्याच्या शेवटी त्यांचा फोन आला. "मॅडम, मी नाव काढून घेते. आता हे जमणार नाही." नाव काढून घेण्याची मुदत नवव्या आठवड्यापर्यंत होती.

या प्रकरणातला सर्वांत नाजूक निर्णय हा होता. नाव काढून घेणं यात कमीपणा काही नाही. कधीकधी तेच योग्य असतं आणि वेळेत केलं तर नापासाचा शेरा टळतो. पण तो निर्णय थकलेल्या रात्री घ्यायचा नसतो. मी त्यांना भिंतीवरचं पान समोर घेऊन गुणांचा हिशेब करायला सांगितलं. क्विझला २० गुण होते आणि रूपरेषेत स्पष्ट लिहिलं होतं की सर्वांत कमी गुणांच्या दोन क्विझ मोजल्या जाणार नाहीत. म्हणजे बुडालेल्या क्विझने काहीच बिघडलं नव्हतं. असाइनमेंटला उशिराबद्दल दिवसाला दहा टक्के कपात होती, तीही आधी विचारलं तर माफ होण्याची शक्यता होती. प्रत्यक्षात आतापर्यंतचं नुकसान १०० पैकी दोन-तीन गुणांपलीकडे जात नव्हतं. त्यांना मात्र वाटत होतं की निम्मा कोर्स हातचा गेला.

मग त्यांनी शिकवणाऱ्यांना मेल लिहिला. चार ओळींचा. कोणता कोर्स, कोणती असाइनमेंट, कामाच्या पाळ्या वाढल्यामुळे उशीर झाला आहे, तीनपैकी दोन प्रश्न सोबत जोडले आहेत, तिसऱ्यासाठी दोन दिवस मिळतील का. पहिला मसुदा खूप मोठा होता, त्यात माफी जास्त आणि मागणी शेवटी कुठेतरी होती. तो आम्ही छाटला. दोन दिवस मिळाले. शिकवणाऱ्यांनी त्यांना ओळखलं, कारण पहिल्या आठवड्यातल्या भेटीच्या तासाला येणाऱ्या मोजक्या विद्यार्थ्यांत त्या होत्या.

साचलेली लेक्चर कशी भरून काढायची हाही प्रश्न होता. त्यांची इच्छा मागून क्रमाने यायची होती. मी उलट सुचवलं: चालू आठवड्याचं आधी करा, म्हणजे नवी थकबाकी वाढणार नाही, आणि मागचं रोज थोडं थोडं. संख्याशास्त्रात मागचं पुढच्याला लागतं, त्यामुळे यात धोका होता. म्हणून साचलेल्यातून पुढच्या धड्याला थेट लागणारा भाग, प्रसामान्य वितरणाचा (आकडे सरासरीभोवती घंटेच्या आकारात पसरतात त्याचा), त्यांनी आधी केला आणि उरलेला मागे ठेवला. दहाव्या आठवड्यात त्या बरोबरीला आल्या.

निकाल

अंतिम परीक्षेत चाळीस मिनिटं झाली असताना घरचं नेट गेलं. हॉटस्पॉटवर पुन्हा जोडून त्या काही मिनिटांत परत आत आल्या. हे त्यांनी तालमीत केलेलं होतं, हात थरथरले नाहीत असं त्यांनी नंतर सांगितलं. एकूण गुण १०० पैकी ७४. कोर्स पास झाला, क्रेडिट जमा झाले.

सर्वांत कमी गुण गटप्रकल्पात पडले. तिघांच्या गटात एक जण वेगळ्या टाइम झोनमधला, एक जण फारसं उत्तर न देणारा. काम शेवटच्या तीन दिवसांत घाईने झालं.

वेगळं काय करता आलं असतं

गटकामाचा उल्लेख रूपरेषेत होता, पण तयारीच्या यादीत तो आला नाही. आमचं सगळं लक्ष परीक्षा आणि असाइनमेंटवर होतं. ऑनलाइन गटात माणसं एकमेकांना वर्गाबाहेर भेटत नाहीत, म्हणून गट जाहीर झाला त्याच आठवड्यात एक छोटा कॉल, कामाची वाटणी लिहून ठेवणं आणि प्रत्येकाने कच्चा भाग कधी द्यायचा याची तारीख, एवढं झालं असतं तरी फरक पडला असता. गप्प राहणाऱ्या सदस्याबद्दल शिकवणाऱ्यांना शेवटच्या दिवशी सांगून काही उपयोग होत नाही. तेही पहिल्या पंधरवड्यात कळवायला हवं होतं.

घरी बोलणं झालं होतं. मुलालासुद्धा भिंतीवरचं पान दाखवून कोणत्या वेळी आईला हाक मारायची नाही ते समजावलं होतं आणि त्याने ते बऱ्यापैकी पाळलं. कामाच्या ठिकाणी मात्र वरिष्ठांना काहीच सांगितलेलं नव्हतं. "उगाच कशाला सांगायचं," असा विचार. सातव्या आठवड्यात नाइलाजाने सांगितलं तेव्हा दोन पाळ्या बदलून मिळाल्या. मध्यावधी आणि अंतिम परीक्षेच्या तारखा सत्राच्या आधीच वरिष्ठांना दिल्या असत्या तर तो पंधरवडा इतका अंगावर आला नसता. कुणी कोर्स करतंय हे कामाच्या ठिकाणी सांगणं दरवेळी सुरक्षित असतं असं मी म्हणणार नाही, प्रत्येकाने आपली जागा ओळखून ठरवावं. इथे सांगण्यात धोका नव्हता.

गणिताच्या उजळणीत पहिला आठवडा वाया गेला. वीस प्रश्नांचा कागद सोडवायच्या आधीच त्यांनी शाळेचं पुस्तक पहिल्या धड्यापासून उघडलं होतं आणि येत असलेले अपूर्णांक पुन्हा करत बसल्या होत्या. चाचणी आधी, उजळणी नंतर, हा क्रम ठेवला असता तर समीकरणांना जास्त वेळ मिळाला असता.

आणि एक गोष्ट विद्यार्थिनीच्या हातातली नाहीच. आठ आठवड्यांच्या तुकडीच्या माहितीत कुठेही आठवड्याला किती तास लागतील हे लिहिलेलं नव्हतं. "लवचिक" आणि "वेगवान" हे शब्द मात्र ठळक होते. नोकरी करणारे, घर सांभाळणारे लोक हेच शब्द वाचून नाव नोंदवतात आणि चौथ्या आठवड्यात गळतात, मग स्वतःला दोष देतात. कोर्सच्या नावाशेजारी क्रेडिट छापतात तसे साप्ताहिक तास छापायला एक ओळ लागते. या प्रकरणानंतर ही सूचना मी लेखी दिली. विभागाने ती काही कोर्सपुरती स्वीकारली आहे, बाकीच्यांसाठी पाठपुरावा चालू आहे.